आटोपशीरराव

आटोपशीरराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते आमच्या सोसायटीने त्यांना बहाल केलं, आणि कानावर गेल्यावर रागावण्याऐवजी ते खूश झाले. खरं नाव यापेक्षा बरंच लहान आहे, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं तेव्हा मात्र क्षणभर विचारात पडले.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. एका मजल्यावर दोन घरं, समोरासमोर दारं. त्यातलं एक दार त्यांचं, दुसरं आमचं. या व्यक्तिचित्रात जे काही घडतं ते बहुतेक त्या दोन दारांमधल्या सहा फुटांत घडतं, आणि नेहमी एकाच दिशेने घडतं.

त्यांची सारी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअर्स विभागात झाली. इश्यू स्लिप नसेल तर साक्षात मॅनेजिंग डायरेक्टरला दहा नंबरचा पाना न देणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. बिन कार्ड, गेटपास, स्टॉक टेकिंग, स्क्रॅप यार्ड हे त्यांचे जिव्हाळ्याचे शब्द. माणसाची ओळख करून देतानासुद्धा ‘हे आमचे साडू, नॉन-मूव्हिंग आयटम’ असं सहज बोलून जात. निवृत्त झाले आणि ज्याला स्टोअर्स उरलं नाही त्याचं जे होतं ते झालं. सोसायटीचे सेक्रेटरी झाले, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे खजिनदार झाले, हास्यक्लबात गेले, भजनी मंडळात टाळ धरला, दर रविवारी ट्रेक, दर मंगळवारी वधू-वर सूचक केंद्र. सकाळी सहाला घराबाहेर पडलेला माणूस रात्री नऊला परतायचा. वहिनी म्हणायच्या, ‘नोकरीत होते तेव्हा निदान साडेपाचच्या बसने यायचे.’

मग एकदा चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, ‘काका, आता जरा कमी करा.’

डॉक्टर मिठाबद्दल बोलत होते. आटोपशीररावांनी ते आयुष्याबद्दल घेतलं.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर एक मोठी वही आणली. मुखपृष्ठावर लिहिलं : ‘कमी करणे’. आत रकाने आखले. आयुष्य सोपं करायचं म्हणजे आधी त्याची मोजदाद हवी, आणि मोजदादीसाठी तीन दिवस त्यांनी घरातला एकूण एक चमचा मोजला. वाट्या त्रेपन्न निघाल्या. घरात माणसं दोन. हा आकडा त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते वाट्या कमी होणार याचं नव्हतं. स्टॉक टॅली झाल्याचं होतं.

त्यांच्या कारखान्यात जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धत आली होती. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके : निवड, मांडणी, सफाई, ठरलेली रीत आणि शिस्त. सातपूर-अंबडच्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, भिंतीवर हे पाच शब्द रंगवलेले दिसतील, बहुधा धुळीने झाकलेले. यातल्या पहिल्या पायरीचं हत्यार म्हणजे लाल चिठ्ठी. जी वस्तू लागते की नाही याची खात्री नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, तारीख आणि कारण लिहायचं, आणि ती वेगळ्या जागेत नेऊन ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती मोडीत. कारखान्यासाठी उत्तम पद्धत आहे. तिच्यामुळे किती कंपन्यांच्या किती जागा मोकळ्या झाल्या हे मी स्वतः पाहिलं आहे. फक्त कारखान्यात बायको नसते, आणि शेजारीही नसतो.

निरोप समारंभात मिळालेल्या भेटींबरोबर कोऱ्या लाल चिठ्ठ्यांचं एक पॅडही घरी आलं होतं. ते निघालं.

पहिली चिठ्ठी मिक्सरला लागली. कारण : ‘पर्याय उपलब्ध (पाटा-वरवंटा).’ मग वॉशिंग मशीन, व्यायामाची सायकल, त्यांच्या वडिलांची आरामखुर्ची, तीसेक वर्षांचे दिवाळी अंक, एक पितळी बंब, मर्फीचा रेडिओ. चिठ्ठ्या लागत लागत देवघरापर्यंत पोचल्या. आपल्याकडे मुलगी सासरी येताना माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन येते. त्यामुळे जुन्या घरात पिढ्यांच्या हिशेबाने देव साठतात. आटोपशीररावांच्या देवघरात आजीची, आईची आणि वहिनींची अशा तीन अन्नपूर्णा होत्या. दोघींना चिठ्ठी लागली : ‘डुप्लिकेट.’

वहिनींनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला खाली उतरले तेव्हा वॉचमनने त्यांच्या पाठीवरची चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. वस्तू : नवरा. शेवटचा वापर : आठवत नाही. स्थिती : चालू, पण आवाज करते. निर्णय : प्रलंबित.

देवघरावरच्या चिठ्ठ्या त्या दुपारी निघाल्या. बाकीच्या राहिल्या, आणि आता प्रश्न आला तो वेगळ्या जागेचा. दोन बेडरूमच्या घरात लाल चिठ्ठीचा विभाग काढायचा कुठे? आटोपशीररावांनी दार उघडलं आणि समोर पाहिलं.

‘तीस दिवसांचा प्रश्न आहे,’ ते म्हणाले. ‘तुमच्या पॅसेजमध्ये काहीच नाही.’

पॅसेजमध्ये काहीच नव्हतं हे खरं. त्याला आम्ही पॅसेज म्हणत होतो तो त्याचसाठी. त्यांनी मात्र त्या मोकळ्या जागेकडे असं पाहिलं की ती ठेवल्याबद्दल मलाच ओशाळं वाटलं. संध्याकाळपर्यंत सायकल, बंब, आरामखुर्ची, रेडिओ, मिक्सर आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आले. प्रत्येक वस्तूबरोबर तीन प्रतींत गेटपास होता, ‘रिटर्नेबल’ असा शिक्का मारलेला. मी सही केली. एक प्रत मला, एक त्यांना, एक फायलीला. ती फाइलही त्यांनी आमच्याकडेच ठेवली, कारण त्यांच्याकडे आता फाइली नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात आटोपशीरराव, हातात खोबऱ्याची वाटी.

‘जरा मिक्सर हवा होता.’

मी पॅसेजकडे बोट दाखवलं. ‘तुमचाच आहे की.’

‘छे छे, तो नको. त्याला हात लावला तर तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. तुमचा द्या.’

इथे मला त्यांच्या पंथाचं मर्म उमगलं. अमेरिकेतला हेन्री डेव्हिड थोरो हा या पंथाचा मूळपुरुष. कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी 4 जुलै 1845 रोजी तो राहायला गेला, दोन वर्षांहून थोडा अधिक काळ एका खोलीच्या झोपडीत राहिला, आणि त्यावर 1854 मध्ये पुस्तक लिहिलं. झोपडीचा खर्च त्याने अर्ध्या सेंटपर्यंत दिला आहे : अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. आटोपशीररावांना हा आकडा तोंडपाठ. स्टोअर्सवाल्याला शोभेलसा हिशेब आहे, असं ते कौतुकाने म्हणतात. पण जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची होती. आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि तो तिथे जेवायला जात असे. झाडं तोडायला नेलेली कुऱ्हाडसुद्धा उसनी होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. एवढंच की परत करताना ती नेली त्याहून धारदार करून दिली, असंही त्याने नोंदवलं आहे. आमचा मिक्सर परत आला तेव्हा चटणीच्या भांड्याची रबरी रिंग नव्हती.

आपल्याकडेही हे नवं नाही. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, पुढे ज्याचं सेवाग्राम झालं. कुडाच्या भिंती, चटई, बैठं मेज. आणि तिथेच व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोन. बापूंना गरिबीत ठेवायला फार पैसे लागतात, अशा अर्थाची एक थट्टा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगतात. गांधीजी ती ऐकून हसले असतील. आपल्या साधेपणाचा भार कोण कोण उचलतंय याचा हिशेब त्यांच्याकडे नेमका असणार. आटोपशीररावांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘टेलिफोनचं बिल कोण भरायचं?’ मला वाटलं, घाव बसला. पण ते खरोखरच माहिती विचारत होते.

कारण त्यांनी नुकताच स्मार्टफोन सोडला होता. साधा, बटणांचा फोन घेतला होता, आणि तोही सकाळी अकरा ते बारा एवढाच चालू. उरलेले तेवीस तास लोकांनी त्यांना कसं गाठावं? माझ्या नंबरवर. गॅसवाला, कुरिअर, वधू-वर केंद्रातल्या मुलींचे बाप, बंगळूरची त्यांची मुलगी, सगळे मला फोन करू लागले. ‘काका, तुम्ही मनावर कसं घेत नाही?’ असं एका मुलीच्या बापाने मला रात्री दहाला विचारलं. मला त्या स्थळाबद्दल इतकी माहिती झाली होती की मी मनावर घेतलं. पुढे ते लग्न जमलं. आहेरात आटोपशीररावांना पेशवाई पगडी मिळाली आणि ती आमच्याकडे आली.

गाडी विकली, आमच्या गाडीत जागा झाली. वर्तमानपत्र बंद केलं, आमचं वर्तमानपत्र आमच्याकडे साडेनऊनंतर, घडी मोडून आणि शब्दकोडं सुटून येऊ लागलं. वॉशिंग मशीन गेलं तेव्हा माझ्या बायकोने कडी लावली आणि त्या दिवशी आम्ही घरात नव्हतो. हे सगळं ते इतक्या निर्मळ मनाने करत की रागावायची सोय नव्हती. ‘किती हलकं वाटतं म्हणून सांगू!’ असं म्हणत ते आमच्या सोफ्यावर बसत. तेव्हा त्यांचा सोफाही गेला होता.

या सगळ्यात बोहारणीची मात्र मला दाद द्यावीशी वाटते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई म्हणजे महाराष्ट्राने शोधून काढलेली आवराआवरीची सगळ्यात जुनी संस्था, आणि तिला कुठल्याही जपानी पद्धतीपेक्षा मनुष्यस्वभाव जास्त कळतो. माणूस टाकून द्यायला तयार नसतो, बदल्यात काहीतरी मिळणार असेल तर तयार होतो. आटोपशीररावांनी कपाटात चार पांढरे सदरे ठेवले आणि बाकी गठ्ठा दारात आणला. तासभर घासाघीस झाली. बोहारीण पँटी उजेडात धरून भोकं शोधत होती, हे प्रत्येक शर्टाची खरेदीची तारीख सांगत होते. वहिनी मध्येच ‘त्या पैठणीचे काठ खरे आहेत’ असं म्हणत गठ्ठ्यात स्वतःचं एकही कापड न घालता फक्त भाव वाढवत होत्या. शेवटी नऊ शर्ट, चार पँटी आणि एका सफारी सुटावर एक स्टीलचं घंगाळ घरात आलं. वहीत नोंद झाली : कपडे वजा चौदा, घंगाळ अधिक एक. घंगाळाचा उपयोग काय, असं मी विचारलं. ‘त्यात बाकीच्या वाट्या मावतात,’ ते म्हणाले.

संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या सोसायटीतल्या बायका एकमेकींना जे वाण लुटतात त्याने एखादं छोटं भांड्यांचं दुकान चालेल. आटोपशीररावांनी दारावर पाटी लावली : ‘कृपया वाण आणू नये. तिळगूळ चालेल.’ वहिनींनी ती वाचली आणि काही बोलल्या नाहीत. बायकांनीही वाचली. सगळ्यांनी विचार केला की या घरी यंदा काहीतरी उपयोगाचं द्यावं, आणि एकमेकींना न विचारता प्रत्येकीने पसारा आवरून ठेवायचे प्लॅस्टिकचे खणाचे डबे आणले. रथसप्तमीपर्यंत त्यांच्या घरी पसारा ठेवायला अठरा डबे झाले आणि त्यात ठेवायला पसारा नव्हता. तो आमच्याकडे होता. डबे म्हणून आमच्याकडे आले.

याच सुमारास मुलगी बंगळूरहून आली आणि तिने बापाला मारी कोंडो दाखवली. जपानी बाई, पुस्तक 2011 मधलं, तीन वर्षांनी इंग्रजीत आलं आणि जगभर लोकांनी कपाटं उपसली. 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका. तिचा नियम सोपा आहे : वस्तू हातात घ्यायची, आनंद होतो का पाहायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. त्याच वर्षी तिने घरगुती वस्तूंचं ऑनलाइन दुकानही काढलं. कोणाला यात विसंगती दिसेल. मला उलट ती बाई त्या दिवशी आपली वाटली. आणि 2023 मध्ये, तीन मुलं झाल्यावर, घर आवरायचा नाद आपण जवळजवळ सोडलाय असं तिने सांगितलं, तेव्हा तर तिला हळदीकुंकवाला बोलवावं असं आमच्या हिला वाटलं.

आटोपशीररावांनी पहिला भाग घेतला, शेवटचा सोडला. एक-एक वस्तू छातीशी धरून डोळे मिटून उभे राहू लागले. फ्रिजशी ते कसे वागले हे मी पाहिलं नाही, पण वहिनी सांगतात.

वस्तू संपल्या तेव्हा ते वेळेकडे वळले. इथे त्यांची खरी गुणवत्ता दिसते. आधी राजीनामे. सोसायटी, ज्येष्ठांचं मंडळ, हास्यक्लब, भजन, सगळीकडे एकाच मजकुराचं पत्र गेलं. आता मराठी माणसाला पद सोडू देणं हे पद देण्यापेक्षा अवघड काम असतं. प्रत्येक ठिकाणी निरोप समारंभ झाला. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत गणपती. प्रत्येक ठिकाणी त्यांचं भाषण, आणि अध्यक्षीय समारोपात ‘तरी आपण सल्लागार म्हणून’ हे वाक्य. आधी त्यांना चार ठिकाणी काम होतं. आता काम नव्हतं, चार ठिकाणच्या सल्लागार समित्यांच्या सभा होत्या. नारळांचं खोबरं झालं, त्यासाठी पुन्हा आमचाच मिक्सर लागला.

मग दिनक्रम आखला. तो त्यांनी मला दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून थक्क झालो. 5.30 ते 5.50 श्वासाकडे लक्ष. 5.50 ते 6.00 कृतज्ञता. संध्याकाळी 6.00 ते 6.40 ‘स्वस्थ बसणे (बाल्कनी)’. रविवारी त्यात दहा मिनिटांची वाढ. प्रत्येक गोष्टीला घड्याळाचा गजर. एकदा संध्याकाळी पाण्याचा टँकर आला, वॉल्व्हची किल्ली यांच्याकडे, म्हणून मी सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. किल्ली दिली, पण चेहरा कसनुसा.

‘मी बसलो होतो.’

‘माफ करा. मग आता बसा की.’

‘आता कसं? सहा-चाळीसला पुढचं सुरू होतं. बघू, उद्याच्या सकाळच्या कृतज्ञतेतून दहा मिनिटं काढतो.’

दुसऱ्या दिवशी ते हिशेबाला चिकटून खरोखर पन्नास मिनिटं बसले. बाल्कनीत बसलेला हा माणूस मला आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो. गुडघा हलत असतो. बोटं खुर्चीच्या हातावर टाइप करत असतात. समोर आंब्यावर पोपट आले तर ते पोपट मोजतात. मला यात ढोंग दिसत नाही. या माणसाला स्वस्थता ही सातपूरच्या मालासारखी वेळेत, मोजून, पूर्ण संख्येत मिळवायची आहे आणि त्यासाठी तो पडेल ते कष्ट करायला तयार आहे. भोवरा फिरतो तेव्हाच उभा असतो. त्याला कोणी सांगितलं, बाबा, जरा स्थिर हो, तर तो बिचारा आडवा पडण्यापलीकडे काय करणार?

मे महिन्यात नाशिकला गोदाकाठी, म्हणजे आमच्या भाषेत गंगेवर, वसंत व्याख्यानमाला भरते. तिथून बोलावणं आलं नाही. पण आमच्या भागातल्या एका मंडळाने त्यांचं ‘सोपं जगणं’ या विषयावर भाषण ठेवलं. त्याची तयारी दीड महिना चालली. प्रोजेक्टर, नव्वद स्लाइड, एक फ्लेक्स, वाटायला पत्रकं आणि ‘कमीत कमी’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यांच्याकडे स्मार्टफोन नसल्यामुळे ग्रुपचा अॅडमिन मी. भाषण वीस मिनिटांचं ठरलं होतं, पावणेदोन तास झालं. आयोजकांनी शाल दिली. ग्रुपवर आता रोज सकाळी दीडशे माणसं एकमेकांना शांततेच्या शुभेच्छा पाठवतात आणि माझा फोन उशाखाली थरथरत असतो.

पावसाळ्यात ते इगतपुरीला विपश्यनेला गेले. धम्मगिरी आमच्यापासून लांब नाही. मुंबईला जाताना वाटेतच लागते. सत्यनारायण गोयंका यांनी 1976 पासून तिथे शिबिरं सुरू केली. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, अकराला जेवण, त्यानंतर साधकाला संध्याकाळी काही खायचं ते जेमतेम, वाचायचं-लिहायचं नाही, बोलायचं नाही, आणि पैसेही द्यायचे नाहीत. शेवटी वाटलं तर दान. माझ्या ओळखीची काही माणसं तिथून खरोखर वेगळी होऊन आली आहेत. ती फारसं सांगत नाहीत, यावरूनच ते कळतं. आटोपशीरराव निघाले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. थोडं त्यांच्यासाठी, बरंचसं माझ्यासाठी. त्या काळात आमची बेल एकदाच वाजली. वहिनी होत्या. त्यांनी भजी आणली होती, आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या, आणि पंखा, पाऊस आणि भजी याखेरीज कशावरही बोलल्या नाहीत.

अकराव्या दिवशी आटोपशीरराव परत आले. स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो, गाडी आमचीच असल्यामुळे. चेहरा सतेज दिसत होता. ‘कसं झालं?’ असं मी विचारलं, आणि ही चूक नव्हे तर सौजन्य होतं. नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत त्यांनी पहिला दिवस सांगितला. द्वारकेच्या सिग्नलला गर्दी होती म्हणून दुसऱ्यातला थोडा. उरलेले आठ दिवस त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांत, जिन्यात, गच्चीवर, आमच्या सोफ्यावर, लोकांनी बोलायची राहिलेली वाक्यंसुद्धा भरून, पुरे केले. पहाटे चारची घंटा त्यांनी घरी चालू ठेवली. घंटा म्हणून ताटावर पळी मारतात. भिंत आमची सामाईक आहे.

पण इगतपुरीचा एक परिणाम झाला, तो मान्य केला पाहिजे. त्यांची दृष्टी निवळली. एका संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात बसलेले असताना त्यांनी सावकाश चारी बाजूंना पाहिलं. सायकलला अडकवलेली छत्री, बंबावरची पगडी, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेले अठरा डबे, चार काचेचे गणपती, कपाटाच्या डोक्यावर शालींचा ढीग. त्यांनी मान हलवली. डोळ्यांत करुणा होती.

‘रागावू नका,’ ते म्हणाले, ‘पण तुम्ही फार साठवलंय. मन कसं शांत राहील? मी रविवारी येतो.’

रविवारी मिसळ खाऊन ते आले. हातात लाल चिठ्ठ्यांचं पॅड, कानावर पेन्सिल. आमची ही माहेरी गेली होती; रविवारचं तिला मी सांगितलं होतं म्हणूनच गेली होती. त्यांनी कोंडोबाईंच्या नियमाने सुरुवात केली, फक्त आनंद कोणाला होतो ते पाहायचं हा मुद्दा मोघम ठेवला. रेडिओ हातात घेतला, बटण फिरवलं, खरखर झाली. चेहरा उजळला. ‘वा! यावर आम्ही बिनाका ऐकायचो. हा बाजूला ठेवा.’ मिक्सर छातीशी धरला. ‘काय मजबूत मोटर आहे हो! असली वस्तू पॅसेजमध्ये ठेवतात?’ आरामखुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. गुडघा हलत नव्हता. घड्याळाचा गजर झाला, तो त्यांनी न बघताच बंद केला. मग उठून म्हणाले, ‘ही आमच्याकडे जाऊ दे. तुम्हाला हिची किंमत नाही.’

असं करत करत बंब गेला, दिवाळी अंक गेले, डबे गेले, पगडीही डोक्यावरून गेली. सायकल आम्ही दोघांनी धरून सहा फुटांचा तो प्रवास उलट्या दिशेने केला. प्रत्येक वस्तूच्या गेटपासवर त्यांनी ‘परत’ असा शेरा मारून माझी सही घेतली. आमचा पॅसेज हळूहळू पुन्हा पॅसेज होऊ लागला आणि त्यांच्या उघड्या दारातून वहिनी एकेका वस्तूला ‘तिकडे ठेवा’ म्हणून जागा दाखवत होत्या. त्यांनी जागा आधीच करून ठेवलेली होती.

संपलं असं मला वाटलं. पण आटोपशीररावांचं काम आता सुरू होत होतं. जे उरलं त्याला त्यांनी चिठ्ठ्या लावायला घेतल्या. सोफा, टीव्ही, आमचं जेवणाचं टेबल, हिचं शिवणयंत्र, आमचा मिक्सर (‘रिंग नाही’), आणि माझं लिहायचं टेबल. त्यावरच्या चिठ्ठीत शेवटचा वापर या रकान्यात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

‘अहो, एवढं सगळं?’

‘तीस दिवस बाहेर ठेवायचं फक्त. कोणी मागितलं नाही तर समजायचं.’

‘पण ठेवू कुठे? तुमच्याकडे?’

आटोपशीररावांनी वळून आपल्या दाराकडे पाहिलं. दारात सायकल आडवी आली होती.

‘छे हो,’ ते म्हणाले, ‘आमच्याकडे आता जागा कुठाय?’